पडदा कोरा, कंठ कोरडा

परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांत शब्द कसे टिकतात, हा या सदराचा नेहमीचाच विषय. या वेळी तो आम्हांला अगदी अनपेक्षित स्थळी भेटला : एका प्रार्थनासभेत, कोऱ्या पडद्यासमोर.

भोपाळ १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि त्याच सुमारास येथे विजेच्या अवजड यंत्रांचा सरकारी कारखाना उभा राहू लागला. नोकरीच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आता रायसेन रस्त्यावरील आमच्या आनंद नगरात आणि आसपास नांदते आहे. त्यांतलेच आमचे एक सेवानिवृत्त सहशिक्षक, मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. त्यांच्या पत्नीचा पहिला स्मृतिदिन होता. त्यांचा आग्रह एवढाच, की त्या दिवशी तरी उपासना मराठीतून व्हावी आणि बाईंच्या आवडीची गीते सर्वांनी मिळून म्हणावीत. नातवंडे हिंदीतून शिकलेली. म्हणून शब्द पडद्यावर दाखवण्याचे ठरले. आम्हांला अगत्याचे निमंत्रण होते.

प्रार्थना सुरू झाली आणि पडद्यावर निळ्या रंगाखेरीज काही उमटेना. महाविद्यालयात शिकणारा नातू घामाघूम झाला. त्याने केबल काढली, पुन्हा लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. दोष होता जोडणीत. सभागृहातील प्रोजेक्टर जुना, पंधरा पिनांच्या व्हीजीए जोडणीचा. लॅपटॉप नवा, एचडीएमआयचा. दोहोंच्या मधला ॲडॅप्टर ढिला होता. अखेर कोणीतरी आपला जुना लॅपटॉप दिला, पेनड्राइव्हवरून गीते त्यात उतरवली आणि पडदा उजळला. परंतु त्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते! रोमी अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी. गीते एका दुकानातून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकून घेतलेली होती आणि तो फाँट या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये नव्हता.

तेव्हा सरांनी हात जोडून यंत्र बंद करावयास सांगितले आणि स्वतः गाण्यास आरंभ केला. चार वृद्ध कंठांनी साथ दिली. दोन कडवी झाली. तिसऱ्या कडव्याशी सर स्वतःच अडखळले. पुढचा शब्द कोणालाच सुचेना. छापील पुस्तक कोणी आणले नव्हते, कारण 'पडद्यावर येणारच आहे' असे सर्वांनी गृहीत धरले होते. क्षणभर शांतता पसरली. मग पाळकांनी हिंदीतून प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सभा उरकली. बाहेर पडताना सर आम्हांला म्हणाले, "सर, तिला सगळी कडवी पाठ होती. मी तिच्या भरवशावर राहिलो आणि मुले माझ्या." यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

घरी परतल्यावर आमच्या मनात एक जुनी गोष्ट घोळू लागली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो मराठी ग्रंथ, १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापला गेला, तो रोमी लिपीत. कारण तेथील छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनंतर आमच्या आनंद नगरात नेमके तेच घडावे ना! भाषा मराठी, भाव मराठी, पण पुढ्यात आलेली अक्षरे रोमी. अंतर एवढेच, की स्टीफन्स यांच्या रोमी अक्षरांतून मराठी ओवी वाचता येत होती. आमच्या पडद्यावरील खिचडीतून काहीच वाचता येत नव्हते.

आता व्यवहाराचे बोलू. शाळेतील प्रोजेक्टरशी झुंजून आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो. प्रार्थना असो, कीर्तन असो वा गणेशोत्सवातील आरती, उपयोग सारखाच.

पडद्यावर चित्रच नसेल, तर प्रथम केबलची दोन्ही टोके व मधला ॲडॅप्टर घट्ट बसवावा. मग प्रोजेक्टरवर योग्य 'इनपुट' निवडले आहे का ते पाहावे. केबल एका छिद्रात आणि निवड दुसऱ्याची, हा प्रकार फार घडतो. तरीही चित्र न आल्यास विंडोजच्या लॅपटॉपवर, विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून 'पी' दाबावे. चार पर्याय येतात : केवळ लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर तेच चित्र, दोन्ही मिळून एक विस्तृत पडदा, आणि केवळ दुसरा पडदा. नवख्याने दुसरा पर्याय घ्यावा, म्हणजे आपल्याला दिसते तेच सभेला दिसते. चित्र गोठले वा लॅपटॉपचाच पडदा काळा पडला, तर विंडोज १० व त्यापुढील यंत्रांत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व 'बी' या कळा एकदम दाबाव्यात. चित्रव्यवस्था नव्याने सुरू होते आणि उघडलेले काम जात नाही.

चित्र आले, पण कडा कापल्या गेल्या किंवा अक्षरे ताणलेली दिसली, तर तो मापाचा दोष. अनेक जुने प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचे, चारास तीन या प्रमाणाचे असतात. आजचे लॅपटॉप बहुधा सोळास नऊ प्रमाणाचे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोजेक्टरला मानवेल ते माप निवडावे. मध्येच पडदा काळा पडत असेल, तर लॅपटॉप झोपी जात आहे असे समजावे. चार्जर लावून ठेवावा आणि झोपेची वेळ 'कधीच नाही' अशी ठेवावी. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर लगेच पुन्हा चालू करू नये. पंखा थांबेपर्यंत, दिवा निवेपर्यंत धीर धरावा.

अक्षरांची खिचडी झाली, तर मात्र ऐन वेळी उपाय नाही. तो आधीच करावा लागतो. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तीत समाविष्ट आहे आणि आजचे कोणतेही चांगले यंत्र ती वाचते. शिवाय सर्व पानांची पीडीएफ करून ठेवावी. फाँट तिच्यातच बांधलेला असल्याने अक्षरे सहसा बदलत नाहीत. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच सभागृहात, त्याच यंत्रांवर एकदा सर्व पाने पाहून घ्यावीत. घरच्या पडद्यावर दिसले म्हणजे तेथे दिसेलच, ही समजूत सोडून द्यावी.

पुढे त्या घरी काय झाले, तेही सांगतो. नातवाला फार लागले होते. त्याने आजोबांच्या पेटीतून जीर्ण गीतपुस्तक शोधून काढले आणि रविवारी दुपारी दोघे बसू लागले. आजोबा सांगत, नातू व त्याची धाकटी बहीण युनिकोडमध्ये टंकत. हिंदीच्या सवयीने 'ळ'च्या जागी 'ल' पडे. एकदा 'काळ'चा 'काल' झाला, तेव्हा सरांनी मुलीला दोन्ही शब्दांचे अर्थ समजावून सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, एका अक्षराने एवढे बदलते?" त्या दिवसापासून ती 'ळ' मुद्दाम ठासून म्हणते. बारा गीते पुरी झाली. रे. नारायण वामन टिळकांचे नाव त्या मुलांनी तेव्हा प्रथम ऐकले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आता त्या घरी वाचली जात आहेत.

यंदाच्या स्मृतिदिनी आम्ही पुन्हा हजर होतो. जोडणी नीट होती, अक्षरे स्वच्छ होती. तरीही दुसऱ्या गीताच्या मध्यावर वीज गेली आणि पडदा विझला. आमच्या छातीत धस्स झाले. पण प्रत्येकाच्या हाती छापील कागद होता, आणि मुलांनी तर त्याकडे पाहिलेही नाही. टंकता टंकता त्यांना ती कडवी पाठ होऊन गेली होती. गाणे थांबले नाही. सर मात्र तिसऱ्या कडव्यापाशी थांबले आणि नातवंडांचे ऐकत राहिले.

वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी आरती, ओवी, अभंग किंवा गीत असेल, जे केवळ एकाच व्यक्तीला पाठ आहे. ते या महिन्यात, त्या व्यक्तीजवळ बसून, मुलांकडून उतरवून घ्यावे. एक प्रत यंत्रात ठेवावी, एक कागदावर. तिसरी प्रत कोठे जाते, ते आता सांगावयास नकोच.