ड्रोन टेकला, पण थांबला काय?

औषधफवारणीसाठीं सांप्रत पुष्कळ शेतकरी बंधु ड्रोन भाड्यानें आणतात. यंत्र बांधावर टेकलें न टेकलें तोंच गडी टाकी भरावयास धांवतो. आमच्या मतें ही घाई घातक आहे.

आपण जमिनीवर टेकलों हें यंत्रास अनुमानानेंच ठरवावें लागतें. ‘आर्डुपायलट’ ह्या सर्वांस खुल्या असलेल्या नियंत्रणप्रणालीचें उदाहरण घ्या. मोटरींचा जोर खालच्या मर्यादेस यावा, उतरण्याचा वेग सेकंदास १ मीटरहून कमी असावा व यंत्रास हिसके बसूं नयेत. हीं लक्षणें एकत्र १ सेकंद टिकलीं, म्हणजेच यंत्र टेकलें असें ती मानते आणि मग मोटरी बंद करते. हा विलंब निरर्थक नव्हे. मोटरी अधींच थांबल्या तर भरल्या टाकीसह यंत्र खालीं आदळेल.

परंतु उतरत्या बांधावर किंवा ढेकळांत यंत्र कलतें. तें स्वतःस सरळ करूं पाहतें, एका बाजूच्या मोटरींचा जोर वाढतो, लक्षणें जुळत नाहींत, आणि पातीं फिरत राहून यंत्र उलटण्याचा संभव असतो.

हा दोष केवळ यंत्राच्या माथीं मारूं नये. उतरण्यासाठीं खळ्यासारखी सपाट, टणक जागा देणें आपल्या हातीं आहे. टेकल्यावर मोटरी किती वेळानें थांबतात व त्या हातानें बंद कशा कराव्या, हें चालकास आधीं विचारावें. आणि पातीं पूर्ण स्थिर होईपर्यंत कोणासही जवळ जाऊं देऊं नये. फवारणीस दोन मिनिटें उशीर झाल्यानें पीक बुडत नाहीं. गेलेलीं बोटें मात्र परत येत नाहींत.