इंधनांचे मिश्रण आणि प्रमाण

चुलीत ओले-सुके सरपण एकत्र घातले की गृहिणीची नजर जाळावर असते. जाळ भडकला तर ती लाकूड मागे ओढते, मंदावला तर पुढे सारते. गॅस टर्बाइनमध्ये दोन इंधने मिसळताना हेच काम क्षणोक्षणी करावे लागते.

घाट उतरून कोकणात गेल्यावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे दाभोळ वीजप्रकल्प लागतो. तो १९९९ साली नॅफ्थ्यावर सुरू झाला. वीज महाग पडली, पैशांचा वाद पेटला आणि २००१ साली तो थांबला. पुढे तेथे नैसर्गिक वायू आला. २०१३ साली त्याचाही पुरवठा आटला. एकाच इंधनावर विसंबणे असे महागात पडते.

आता नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळावा, असे म्हणतात. आम्हांस ते मान्य आहे. पण नियंत्रणावाचून नव्हे. तेवढ्याच आकारमानाच्या हायड्रोजनात उष्णता सुमारे एक-तृतीयांश असते. उलट त्याची ज्योत फार वेगाने धावते व मागे ज्वालकात शिरू शकते. म्हणून मिश्रणाची उष्णता सतत मोजून झडपा कमी-अधिक उघडाव्या लागतात. शिवाय आकारमानाने ३० टक्के हायड्रोजन मिसळला, तरी कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ११ टक्केच घटतो.

विद्यार्थिमित्रहो, मिश्रणाची घोषणा सोपी. प्रमाण सांभाळणे कठीण. ते ज्यांना साधेल, असे अभियंते आपल्या शाळेतून निघावेत, हीच आमची इच्छा.