दाखल्यावर चालते, ते पडद्यावर का नाही?

जून महिना उजाडला की कळंबच्या कोर्टाबाहेर जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करणाऱ्या पोरांची आणि त्यांच्या आईबापांची रांग लागते. 1956 साली बाबासाहेबांसोबत आपण ज्या जातीचा त्याग केला, तिचे नाव बौद्ध पोराला आजही त्या कागदावर लिहावे लागते. कारण संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 मधील महाराष्ट्राच्या यादीत ‘महार’ आणि ‘मांग’ हे शब्द छापलेले आहेत. सरकारी शिक्क्याने चालणारे हेच शब्द 2025 साली ‘फुले’ या हिंदी चित्रपटातून काढायला चित्रपट प्रमाणन मंडळाने लावले. ‘पेशवाई’ आणि मनूची जातिव्यवस्था यांचे उल्लेखही खटकले. 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीदिनी येणारा चित्रपट 25 एप्रिलला आला. दाखल्यावर जो शब्द लिहिल्याशिवाय भागत नाही, तो पडद्यावर उच्चारला तर कोणाचे काय बिघडते?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर ख्वाजा अहमद अब्बास या पत्रकाराची कारकीर्द पाहिली पाहिजे. पानिपतचा हा माणूस अलीगढला कायद्याची पदवी घेऊन 1935 साली मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये दाखल झाला. त्याचे ‘लास्ट पेज’ हे सदर आधी ‘क्रॉनिकल’मध्ये आणि पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये, 1987 साली मृत्यू येईपर्यंत चालू राहिले. आपल्या शेजारच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर त्याने पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांचा 1946 चा चित्रपट निघाला. त्याच वर्षी अब्बास यांनी बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या जोडप्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘शहर और सपना’ला 1963 सालचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. छापलेला शब्द जिथे पोहोचत नाही तिथे जायचे, म्हणून हा पत्रकार पडद्याकडे वळला, असे मी मानतो.

1968 साली त्याने ‘चार शहर एक कहानी’ हा 16 मिनिटांचा माहितीपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतले वैभव आणि त्याच्या पायाशी असलेले दारिद्र्य त्याने समोरासमोर ठेवले. त्यात मुंबईतील वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. ती कापल्याशिवाय सर्वांसाठीचे प्रमाणपत्र मिळणार नाही, असे सांगण्यात आले. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार नरमले आणि कात्री न लावता प्रमाणपत्र द्यायला तयार झाले. दुसरा कोणी घरी परतला असता. अब्बास यांनी अर्ज दुरुस्त करून पूर्वतपासणीच्या अधिकारालाच आव्हान दिले.

24 सप्टेंबर 1970 रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. पूर्वतपासणी वैध ठरली. चित्रपट इतर कलांपेक्षा भावना अधिक खोलवर हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मात्र कलेचे आणि समाजहिताचे मूल्य जपणारे निकष हवेत, हेही न्यायालयाने बजावले. मंडळाविरुद्ध दाद मागायला न्यायाधिकरण असावे, ही अब्बास यांची मागणी सरकारने त्या खटल्यात मान्य केली. ते न्यायाधिकरण 1983 साली अस्तित्वात आले आणि 2021 साली केंद्र सरकारने अध्यादेश काढून ते बरखास्त केले. आता कळंबच्या एखाद्या पोराने चित्रपट केला आणि मंडळाने त्याला कात्री लावली, तर त्याला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागेल. त्या पायरीचा खर्च काय असतो, हे आम्हा तालुक्याच्या वकिलांना चांगले ठाऊक आहे.

ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले, त्यांच्यापर्यंत चित्र आधी पोहोचते. वर्तमानपत्र छापण्याआधी कोणाला दाखवावे लागत नाही; पडदा मात्र आधी तपासला जातो. म्हणजे निरक्षर माणसाच्या माध्यमावरच कुलूप आहे. व्यवस्थेला भीती कशाची वाटते, ते यातून ओळखावे. 1954 साली आचार्य अत्रे या संपादकाने ‘महात्मा फुले’ चित्रपट काढला तेव्हा मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याच जोतीरावांवरील चित्रपटातून 71 वर्षांनी जातींची नावे पुसली जातात, हा प्रवास पुढचा म्हणायचा की मागचा?

अब्बास यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘चार दिल चार राहें’ (1959) मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलीच्या प्रेमाची कथा सांगितली. पण कॅमेरा तिच्या हाती नव्हता. आपले दुःख दुसऱ्याने सहानुभूतीने मांडणे आणि आपण हक्काने मांडणे, यातला फरक बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढून दाखवून दिला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने 2013 साली तोच फरक पडद्यावर दाखवला.

म्हणून चळवळीने दोन गोष्टी हाती घ्याव्यात. बरखास्त केलेले न्यायाधिकरण परत मिळावे, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. आणि कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या पोरांच्या पाठीशी वकिलांनी विनाशुल्क उभे राहावे. मंडळाने शब्द काढायला सांगितला की कारण लेखी मागावे आणि त्या कारणाशेजारी जातीचा दाखला ठेवावा. सरकारच्या एका हाताने लिहायला लावलेले दुसऱ्या हाताने पुसता येणार नाही, हे कोर्टात विचारायला एकच चिवट माणूस लागतो. अब्बास तसे होते. आपल्यातून असे किती उभे राहतात, ते पाहायचे आहे.