जेवणानंतरचं आइस्क्रीम



सणाला मटण केलं की दुधाचं आइस्क्रीम बाद, मुलं हिरमुसतात. पण आपल्या आया रोश हशानाचा हलवा नारळाच्या दुधातच आटवायच्या ना! टेक्का बाजारात दूध ताजं पिळून मिळतं. पावडर नको, बऱ्याच पावडरींत सोडियम केसिनेट, म्हणजे गाईच्याच दुधातला अंश असतो. मीही फसले आहे.

दोन वाट्या दूध, पाऊण वाटी गुला मलाका म्हणजे माडाचा गूळ, चिमूटभर मीठ उकळून गार करा. फ्रीझरमध्ये तासा-तासाने ढवळा. अर्धवट गोठलं की फणस, काजू मिसळा. बिस्किटं घालाल तर पुडा वाचा. आणि वितळलेलं पुन्हा गोठवू नका हो, इथल्या उकाड्यात पोटं बिघडतात!