नकाशात नाही म्हणून आम्ही नव्हतो काय?



वनहक्काचा दावा घेऊन आपली माणसं कार्यालयात गेली की एक प्रश्न ठरलेला असतो. "नकाशावर तर इथं नुसतं जंगल दिसते. तुमचं गाव कुठं हाय?" विचारणाऱ्याच्या टेबलावर एकच नकाशा असतो. कधी वनखात्याच्या कंपार्टमेंटचा, कधी उपग्रहाचा फोटो. त्या एका कागदावर बोट ठेवून चार पिढ्यांच्या वहितीला 'अतिक्रमण' म्हटलं जातं. आपला म्हातारा माणूस मान खाली घालून परत येतो. नकाशा त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो तो पूर्ण वाचून दाखवत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. नकाशा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. आणि साक्ष घ्यायचीच असेल तर सगळ्या साक्षीदारांची घ्या. सरकारनं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या माणसांकडून काढून घेतलेले जुने नकाशेही टेबलावर येऊ द्या.

दोन पानं शेजारी ठेवून पाहा

सायक्लोस्टाईलवर नकाशा नीट उमटत नाही, म्हणून शब्दांतच सांगतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांना आपण टोपोशीट म्हणतो. प्रत्येक पानाला नंबर असतो. एका पानात साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच एवढा मुलूख बसतो. नांदुरा तालुक्यातलं वडनेर भोलजी हे ५५ डी/५ या पानावर येतं. जळगाव जामोद आणि त्याच्या उत्तरेचा सातपुड्याचा डोंगर ५५ सी/१२ वर येतो. त्याच्या पूर्वेचं पान ५५ सी/१६, पश्चिमेचं ५५ सी/८. हे नंबर लिहून ठेवा. नकाशा मागताना गावाचं नाव सांगून भागत नाही. वडनेर भोलजी वेगळं, अमरावतीकडचं वडनेर गंगाई वेगळं, नाशिककडचं वडनेर भैरव वेगळं. पानाचा नंबर मात्र चुकत नाही.

आता ही दोन पानं शेजारी ठेवा. वडनेरचं पान गावांनी भरलेलं आहे. रेल्वेची रेघ, गाडरस्ते, विहिरी, सगळं दाट. डोंगराचं पान हिरवं, त्यावर उंचीच्या तपकिरी रेघा, नाल्यांच्या रेघा, आणि नावं तुरळक. पाहणाऱ्याला वाटतं, खाली माणसं राहत होती आणि वर झाडं.

पण हा फरक माणसांचा नाही, मोजणीचा आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६१ पासून पुढं इथं मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी सुरू झाली. काळ्या जमिनीत साखळी फिरली, धुऱ्यावर दगड बसले, शेताला नंबर पडला आणि नंबरापुढं खातेदाराचं नाव लागलं. कारण सरकारला शेतसारा पाहिजे होता आणि या जमिनीत कापूस होत होता. डोंगरात त्याच सरकारला सागवान पाहिजे होतं. तिथं शेतं मोजली नाहीत, जंगलाच्या हद्दीची रेघ ओढली. शेत मोजलं तिथं मालक तयार झाला, रेघ ओढली तिथं अतिक्रमणदार तयार झाला. वडनेरच्या शेतकऱ्याला कोणी विचारत नाही की तुझा पणजा इथं होता याचा पुरावा दे. त्याच्या पणजाचा पुरावा सरकारनंच लिहून ठेवला. आपल्या पणजाचा लिहिला नाही, आणि आता तोच न लिहिलेला कागद आपल्याकडं मागते.

खालच्या गावातल्या शेतकरी भावांवर आमचा राग नाही. आपली माणसं त्यांच्याच शेतात कापूस वेचायला, सोंगणीला उतरतात. राग आहे तो एकाच सरकारच्या दोन मापांवर.

इंग्रजांचा नकाशा काहून पाहिजे?

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, नकाशे इंग्रजांनी आपल्याला लुटायला काढले, त्यांना हात कशाला लावायचा? अर्धी गोष्ट खरी आहे. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ साली कंपनी सरकारनं सुरू केलं ते फौजेसाठी आणि महसुलासाठी. १८०२ पासून लॅम्ब्टन साहेबानं मद्रासकडून उत्तरेला देश मोजत आणला. तो १८२३ साली आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला मेला. मोजणाऱ्यांना आपलं भलं करायचं नव्हतंच.

पण म्हणूनच त्यांची साक्ष कामाची आहे. नकाशा काढणाऱ्याला आपल्या बाजूनं खोटं लिहायचं काही कारण नव्हतं. त्यानं डोंगरात एका ठिकाणी विहीर दाखवली तर ती होती म्हणूनच दाखवली. पायवाट दाखवली तर तिथून माणसं चालत होती. वाघ आणि अस्वल विहीर बांधत नाहीत. ज्या सरकारच्या वारसानं आज आपल्याला नाकारलं, त्याच्याच वाडवडिलांची सही आपण त्याच्यापुढं धरतो आहोत.

काय शोधायचं

पहिलं, नावं. पाड्याचं, टपरीचं, ढाण्याचं, नाल्याचं, टेकडीचं नाव. ती इंग्रजीत वेडीवाकडी लिहिलेली असतात. वाचणाऱ्या पोरानं मोठ्यानं उच्चार करावा, म्हाताऱ्यांनी ऐकावं. खरं नाव त्यांच्या तोंडून लगेच निघते.

दुसरं, ओसाड गावं. एखादी वस्ती उठून गेली असेल तर काही पानांवर नावापुढं तसं लिहिलेलं असते. आपण त्याला रीठ म्हणतो. साथीच्या रोगानं उठलेलं, पाणी आटलं म्हणून उठलेलं, वनखात्यानं उठवलेलं. रीठ सापडली की पुढचा प्रश्न गावानं विचारायचा: तिथून उठलेली माणसं गेली कुठं? बहुतेक वेळा ती आपणच असतो.

तिसरं, पाणी आणि वाटा. विहीर, झरा, तळं, नाला ओलांडायची जागा, बैलगाडीची वाट, पायवाट. ही बायांना जास्त ठाऊक असतात. पाणी त्यांनी भरलं, मोहफूल त्यांनी वेचलं. नकाशा वाचताना बाया मागं बसल्या तर अर्धा नकाशा कोराच राहील.

चौथं, देवाच्या आणि मेलेल्या माणसांच्या जागा. कोरकूंचा मुठवा, मेलेल्यांच्या नावानं रोवलेले मुंडा, भिलालांचा बाबदेव. हे नकाशावर क्वचितच येतात, पण नकाशातल्या वाटेच्या कडेला, विहिरीच्या जवळ ते अजून उभे आहेत. वाट कागदावर आणि मुठवा जमिनीवर, असे दोन साक्षीदार एका जागी भेटले की दावा पक्का होतो.

काय शोधायचं नाही

आपलं शेत या नकाशात शोधत बसू नका. पन्नास हजारी पानावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. एक हेक्टर शेत तिथं दोन मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद होईल. ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही. मालकी दाखवणं हे त्या नकाशाचं कामच नाही. तो गावाचा आणि वापराचा साक्षीदार आहे. म्हणून सामूहिक दाव्यात, निस्तार, चराई, पाणी, गौण वनोपज यांच्या हक्कात तो जास्त उपयोगी पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नकाशात एखादी जागा कोरी असली तर घाबरू नका. मोजणी करणारे हंगामात आले, डोंगरावरून पाहून गेले. लाकूड-गवताची वस्ती तेव्हा दुसऱ्या जागी असेल तर त्यांना दिसली नाही. नकाशात आहे याचा अर्थ तिथं काही होतं. नकाशात नाही याचा अर्थ तिथं काही नव्हतं, असा होत नाही. जे साहेब ही कोरी जागा पुरावा म्हणून दाखवतात, त्यांना कायदा वाचून दाखवायचा.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा २००६ चा. नियम २००८ चे, २०१२ साली सुधारलेले. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे आणि सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याची कार्य आयोजना, हे सरकारी कागद त्यात आहेत. त्याच यादीत विहिरी, दफनभूमी, देवस्थानं आहेत. घर, बांध, सपाट केलेली जमीन आहे. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे कायद्यापुढं साहेबाचा नकाशा आणि आपल्या आजीचा शब्द एकाच यादीत बसतात.

नियम १२-अ सांगतो की उपग्रहाचा फोटो इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्यांची जागा घेणार नाही. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानंही हेच धरलं की फक्त उपग्रहाच्या चित्रावर दावे फेटाळता येत नाहीत. नियम ६ प्रमाणं वनाचे आणि महसुलाचे नकाशे ग्रामसभेला किंवा वनहक्क समितीला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. आपण भीक मागत नाही. म्हणून "नकाशा काढून देतो, एवढे पैसे द्या" म्हणणारा दलाल गावात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. पण आपल्यासोबत राहणारे गवळी, बंजारा यांना ७५ वर्षांचं, म्हणजे डिसेंबर १९३० च्या आधीपासूनचं राहणं दाखवावं लागते. त्यांच्यासाठी जुना नकाशा हा मोठा आधार आहे. त्यांना एकटं सोडू नका. डोंगर सगळ्यांनी मिळून राखला आहे.

आता करायचं ते

ग्रामसभेनं ठराव करावा आणि उपविभागीय समितीकडं नकाशे लेखी मागावेत, पोच घ्यावी. महिन्यात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. टोपोशीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या कार्यालयातून मागता येते. परदेशातल्या काही विद्यापीठांनी जुनी पानं इंटरनेटवरही ठेवली आहेत, कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी ती उतरवून आणावीत. एक ध्यानात ठेवा: १९५६ पर्यंत बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. म्हणून जुने कागद मुंबईत सापडले नाहीत तर नागपूर-अमरावतीला शोधा. गावाचा निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज निघतो का, हेही तहसीलला विचारा. महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये ते दोन्ही आहेत.

नकाशा आला की तो गावात उघडायचा, कार्यालयात नाही. पारावर पसरायचा. म्हातारी माणसं, बाया, गुराखी पोरं, सगळे गोल बसायचे. मग उठून चालायचं, नकाशातली विहीर जमिनीवर गाठायची. वन आणि महसूल खात्याला आधी लेखी कळवायचं, आले तर बरं, नाही आले तर तसं पंचनाम्यात लिहायचं. जे नकाशात नाही पण जमिनीवर आहे ते आपण आपल्या हातानं आपल्या नकाशात भरायचं. ठरावाच्या ग्रामसभेत निम्मी माणसं आणि त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत, नाहीतर मागून खोड काढतील.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तीही आपल्यासारखीच माणसं. त्यांनी जंगल आधी पायानं मोजलं, मग कागदावर आणलं.

इंग्रजानं देश मोजला, वनखात्यानं जंगल मोजलं, आता उपग्रह आभाळातून मोजते. गावानं स्वतः मोजणी करायची पाळी अजून यायची आहे. ती या उन्हाळ्यात, नाले कोरडे आणि वाटा मोकळ्या असतानाच करू. प्रत्येक पाड्यानं आपल्या पानाचा नंबर पुढच्या बैठकीत सांगावा.

जल, जंगल, जमीन, गावाच्या हक्काची!