एक तार, तीन फेज आणि गावचा कारागीर

मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाटाची चढण संपवून इगतपुरीस पोहोचते, तेव्हा प्रवाशाचे लक्ष खिडकीबाहेरच्या धुक्याकडे आणि फलाटावरील गरम वड्याकडे असते. डोक्यावरील विजेच्या तारेकडे तो क्वचितच पाहतो. वास्तविक इगतपुरी आणि वीज यांचे नाते शंभर वर्षांच्या घरातील आहे. तत्कालीन जीआयपी रेल्वेने १९३०पर्यंत १५०० व्होल्ट डीसी विजेवरील गाड्या या घाटमाथ्यापर्यंत आणल्या. पुढे भुसावळकडचा मार्ग २५ हजार व्होल्ट एसी पद्धतीचा झाला आणि इगतपुरी हे दोन विद्युत पद्धतींच्या सीमेवरील ठाणे बनले. येथे इंजिन बदलण्यासाठी गाडी थांबे, हे मागच्या पिढीतील प्रत्येक प्रवाशाच्या स्मरणात आहे. २००६ साली घाटातील मार्गही एसी झाला.

या २५ हजार व्होल्टच्या व्यवस्थेत एक गोष्ट विलक्षण आहे. डोक्यावरून जाणारी तार एकच आहे. म्हणजे इंजिनाला मिळणारी वीज सिंगल फेज आहे. पण इंजिनाच्या पोटातील पंखे, काँप्रेसर आणि पंप चालविणाऱ्या मोटरी थ्री फेजच्या आहेत. जुन्या एसी इंजिनांत ‘अर्नो कन्व्हर्टर’ नावाचे फिरते यंत्र बसविलेले असे. एका फेजवर फिरता फिरता ते उरलेले फेज निर्माण करून या मोटरींना पुरवी. १९९०च्या दशकात आलेल्या डब्ल्यूएजी-९ मालिकेपासून तर गाडी ओढणाऱ्या मुख्य मोटरीही थ्री फेज झाल्या आणि फिरत्या यंत्राची जागा इलेक्ट्रॉनिक इन्व्हर्टरने घेतली. ३७ फुटांत १ फूट चढणाऱ्या थळ घाटातून हजारो टनांचा माल आज वर येतो, तो एका तारेतून तीन फेज घडविण्याच्या या विद्येच्या बळावर.

त्याच इगतपुरी तालुक्यात, रेल्वेमार्गापासून काही मैल आत गेले, की दृश्य पालटते. एखाद्या वाडीवरील सुतार रंधा मशीन घेऊ इच्छितो. एखादा आयटीआय शिकलेला तरुण नाशिकच्या बाजारातून जुने लेथ स्वस्तात आणतो. घोटी परिसर भाताचा. तेथे कोणाला छोटी भात गिरणी घालावयाची असते. यंत्र दारात उतरते आणि मग ध्यानात येते, की मोटर थ्री फेजची आहे आणि घरात वीज सिंगल फेजची. जी अडचण रेल्वेने शास्त्राने सोडविली, तिच्याशी हा कारागीर एकटा, बहुधा कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय झुंजतो. प्रश्न लहान दिसतो. पण गावातील हाताला गावात काम मिळणार की नाही, हे पुष्कळदा याच प्रश्नावर ठरते.

अडचण नेमकी कोठे आहे?

थ्री फेज मोटर हे यंत्रशास्त्रातील एक अत्यंत साधे आणि चिवट अपत्य आहे. तीन तारांतील वीज एकमेकींच्या मागून १२० अंशांच्या अंतराने येते, त्यामुळे मोटरच्या पोटात चुंबकीय क्षेत्र आपोआप फिरू लागते आणि त्यामागून लोखंडी गाभा फिरतो. सिंगल फेजमध्ये असे फिरते क्षेत्र निर्माण होत नाही. ते केवळ जागच्या जागी स्पंदन पावते. म्हणून थ्री फेज मोटर एका फेजला जोडली, तर ती गुणगुणते, तापते, पण सुरू होत नाही. एकदा फिरू लागलेली मोटर मात्र एक फेज गेला तरी फिरत राहते, आणि खरा धोका येथेच आहे. उरलेल्या तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो आणि वाइंडिंग जळते. इगतपुरीसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात वादळी पावसात एखाद्या तारेवर फांदी पडते, फ्यूज उडतो, आणि सकाळी मोटर जळालेली आढळते. ‘सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर’ हे संरक्षक उपकरण तुलनेने अल्प किमतीत मिळते; ते न बसविल्याने वाइंडिंगचा भुर्दंड मात्र पुन्हा पुन्हा भरला जातो.

तीन मार्ग

एका फेजवर असे यंत्र चालविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग कपॅसिटरचा; खेड्यात त्याला कंडेन्सर म्हणतात. २३० व्होल्टवर दर किलोवॉटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे १ अश्वशक्तीच्या मोटरला सुमारे ५० मायक्रोफॅरड, हा ढोबळ हिशेब आहे. हा मार्ग स्वस्त आहे. पण मोटरची शक्ती दोन तृतीयांशांच्या आसपास उतरते आणि सुरू होतानाचा जोर फारच कमी पडतो. पाते मोकळे फिरणाऱ्या छोट्या यंत्राला तो चालेल. भाराखाली सुरू होणाऱ्या गिरणीला नाही.

दुसरा मार्ग अर्नो कन्व्हर्टरच्याच जातीचा. एक जास्त अश्वशक्तीची थ्री फेज मोटर कोणताही भार न लावता एका फेजवर फिरती ठेवावयाची. तिच्या तिसऱ्या टोकावर निर्माण होणारा फेज घेऊन लेथ, ड्रिल, रंधा अशी यंत्रे चालवावयाची. चालविणाऱ्या यंत्रापेक्षा ही मोटर दीडपट तरी मोठी असावी. तिसरा मार्ग आजचा, म्हणजे व्हीएफडी या इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा. सिंगल फेज घेऊन ते थ्री फेज देते, मोटर हळुवार सुरू करते, वेगही कमीजास्त करू देते. साधारण ३ अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रासाठी आज हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे.

मात्र येथे एक मेख आहे. अशा व्हीएफडीतून बाहेर पडणारी वीज २३० व्होल्टचीच असते. ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत असलेल्या मोटरची सहाही टोके बाहेर काढलेली असतील, तर ती डेल्टा जोडणीत बदलून २३० व्होल्टवर पूर्ण शक्तीने चालते. परंतु मोटर मुळातच डेल्टात ४१५ व्होल्टची असेल, तर २३० व्होल्टवर तिचा जोर एक तृतीयांशाहूनही खाली येतो. मोटरवरील नामफलक न वाचता केलेली खरेदी म्हणूनच अंगाशी येते. शिवाय वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार साठून राहू शकतो. परवानाधारक तारतंत्र्याशिवाय आणि भक्कम अर्थिंगशिवाय हे प्रयोग करणे म्हणजे बचतीच्या नावाखाली घरातील माणूस पणाला लावणे होय.

शेजाऱ्याच्या दिव्याचा विचार

या विषयाला एक सामाजिक बाजूही आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ३ अश्वशक्तीची मोटर थ्री फेजवर प्रत्येक तारेतून सुमारे ५ अँपिअर घेते. तेवढेच काम एका फेजवर करताना त्या एकाच तारेवर १५ अँपिअरच्या आसपास भार पडतो. वाडीवरील लहान रोहित्रावर अशी तीन-चार यंत्रे एकाच वेळी सुरू झाली, की शेजारच्या घरातील दिवा मंदावतो, अभ्यासाला बसलेल्या मुलाचे डोळे ताणले जातात आणि एखाद्या दिवशी ‘डीपी’ जळते. मग आठ-आठ दिवस सारी वाडी अंधारात.

राज्याने हे दृश्य मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. दोन हजारच्या दशकातील भारनियमनाच्या काळात ग्रामीण वाहिन्यांवर काही तास थ्री फेज आणि उरलेले तास सिंगल फेज देण्याची पद्धत आली. दिवे-पंखे चालावेत, पण पंप चालू नयेत, असा तिचा हेतू होता. त्यावर कंडेन्सर लावून पंप चालविण्याची युक्ती गावोगावी पसरली. पिकाला पाणी हवे होते, शेतकऱ्याची निकड खरी होती. परंतु प्रत्येकाने स्वतःपुरता मार्ग काढल्याने सर्वांचीच वीज ढासळली. याच काळात ‘अक्षय प्रकाश’ योजनेत सहभागी झालेल्या गावांनी संध्याकाळी पंप स्वेच्छेने बंद ठेवले आणि त्या बदल्यात घरांत अखंड उजेड मिळविला, हेही महाराष्ट्राने पाहिले. पहिला मार्ग चतुराईचा होता, दुसरा समंजसपणाचा. टिकाऊ कोणता, हे सांगण्याची गरज नाही.

रेल्वेचे उदाहरण येथेही मार्गदर्शक आहे. सिंगल फेजचा मोठा भार एकाच बाजूला पडू नये म्हणून रेल्वे आपली उपकेंद्रे राज्याच्या वाहिनीच्या वेगवेगळ्या फेजवर आळीपाळीने जोडते आणि मध्ये ‘न्यूट्रल सेक्शन’ सोडते. आपले काम करताना दुसऱ्याचा तोल बिघडू नये, ही काळजी तिच्या रचनेतच आहे. गावातील कारागिरांनीही रोहित्रावरील भार मोजून, मोठी यंत्रे चालविण्याच्या वेळा आपसात ठरवून घेतल्या, तर अर्धे तंटे मिटतील. मंजूर भारापेक्षा अधिक आणि घरगुती जोडणीवर व्यावसायिक यंत्र, हा विद्युत अधिनियम, २००३च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत वापर ठरू शकतो, याचाही विसर पडू नये.

धोरणातील रिकामी जागा

तथापि सारा उपदेश कारागिराला करून भागणार नाही. शेतीसाठी स्वतंत्र वाहिन्या झाल्या. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हे सर्वथा योग्यच आहे. घरांसाठीही वीज पोहोचली. परंतु शेत आणि घर यांच्यामध्ये उभा असलेला सुतार, लोहार, फिटर मात्र नियोजनकर्त्यांच्या नजरेतून निसटला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीच्या व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. कारागिराला सन्मान देणारी ही दृष्टी स्वागतार्ह आहे. पण कर्ज काढून आणलेले यंत्र कोणत्या फेजवर चालणार, हा प्रश्न त्याच टेबलावर विचारला गेला पाहिजे.

मागणी केल्यावर ग्राहकाला वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य असल्याचे २००३च्या अधिनियमातील कलम ४३ सांगते. २०२०च्या ग्राहक हक्क नियमांनी त्यासाठी मुदतीही घालून दिल्या. परंतु दुर्गम वाडीवर वाहिनी वाढविण्याचा खर्च एकट्या कारागिराच्या आवाक्याबाहेर असतो. यावर उपाय सामूहिकच असू शकतो. ग्रामपंचायतीने गावठाणाच्या कडेला एक शेड उभारावी, तेथे थ्री फेजची एकच अधिकृत जोडणी घ्यावी आणि गावातील पाच-सात कारागिरांनी भाड्याने जागा घेऊन तेथे आपली यंत्रे चालवावीत. एका जोडणीचा खर्च वाटला जाईल, रोहित्र सुरक्षित राहील आणि आयटीआयतून बाहेर पडलेल्या मुलाला शिकण्याची जागा गावातच मिळेल. तोवर त्याच आयटीआयच्या शिक्षकांनी आणि सामाजिक कार्यकर्त्यांनी गावोगावी एक दिवसाचे शिबिर घेतले आणि नामफलक वाचणे, भार मोजणे, योग्य उपकरण निवडणे एवढे शिकविले, तरी अनेक मोटरी आणि काही जीव वाचतील.

इगतपुरी तालुक्याने वैतरणेचे पाणी मुंबईला दिले, घाटातून रेल्वेला वाट दिली. त्याच्या बदल्यात या तालुक्यातील तरुणाने एका लेथसाठी गाव सोडून शहरातील झोपडपट्टीत राहावे, हे न्यायाचे नाही. घाटातून वर येणाऱ्या इंजिनाच्या डोक्यावर आजही एकच तार आहे. पण तिच्यामागे शास्त्र, हिशेब आणि सबंध व्यवस्थेचे पाठबळ उभे आहे. गावच्या कारागिराकडे बुद्धी आहे, चिकाटीही आहे. त्याला मिळावयाचे आहे ते हे पाठबळ. आणि ते उभे करणे हे शासनाइतकेच समाजाचेही काम आहे.