रडीचा डाव नेमका कोणाचा?

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या २००१ सालच्या निन्टेन्डोच्या खेळात जिग्लीपफ घेऊन खेळणाऱ्याने ड्रीम लँड हे मैदान निवडलं, की समोरून ओरड होते: रडीचा डाव! हा खेळ बघणारी आमच्या शाळेतली मुलंही हेच म्हणतात. या आरोपात दम नाही, आणि तो करणाऱ्यांनी नियम नीट वाचलेले नाहीत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मारामारीच्या नेहमीच्या खेळात ताकदीची पट्टी असते, ती संपली की गडी बाद. इथे तसं नाही. मार खाल्ला की तुमचे टक्के वाढतात, आणि टक्के जितके जास्त तितका पुढचा फटका तुम्हाला लांब उडवतो. मैदानाभोवतीची अदृश्य सीमा ओलांडली की एक जीव गेला. म्हणजे तुमचं अर्धं आयुष्य अंगात आणि अर्धं मैदानात.

आता तराजू घ्या. खेळाच्या हिशेबात बाउझरचं वजन ११७, जिग्लीपफचं ६०. एकाच फटक्याने बाउझर हलतो, जिग्लीपफ फुग्यासारखी उडते. वरची सीमा योशीज स्टोरी या मैदानात १६८ एककांवर आहे, बॅटलफील्डमध्ये २०० वर, ड्रीम लँडमध्ये २५० वर. फॉक्सच्या वरच्या दिशेने बसणाऱ्या लाथेने योशीज स्टोरीवर जिग्लीपफचा जीव जातो, तेव्हा तेवढ्याच टक्क्यांवर ड्रीम लँडमध्ये ती वाचू शकते. फॉक्सही फार जड नाही, त्याचं वजन ७५. पण तो दगडासारखा खाली येतो, म्हणून छताची भीती त्याला तिच्याइतकी नाही.

विरोधक म्हणतात, मैदान तर दोघांना सारखंच आहे! सारखं आहे, कबूल. पण सारखं म्हणजे न्याय्य असतंच असं नाही, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. फळा दोघांना एकच असतो. तरीही नजर कमजोर असलेला मुलगा पुढच्या बाकावर जागा मागतो तेव्हा त्याला कोणी रडका म्हणत नाही. छोटं मैदान ‘तटस्थ’ आणि मोठं मैदान ‘पक्षपाती’ हे ठरवलं कोणी? ज्यांना छोटं मैदान सोयीचं पडतं त्यांनीच ना?

शिवाय ही निवड काही खैरात नाही. पहिल्या डावासाठी पाच मैदानांतून आळीपाळीने नावं खोडायची असतात: एकाने एक, दुसऱ्याने दोन, पुन्हा पहिल्याने एक. उरेल तिथे खेळायचं. समोरचा जागा असेल तर ड्रीम लँड तिथेच खोडलं जातं. पुढे मैदान निवडण्याचा हक्क हरलेल्याला मिळतो, जिंकलेल्याला नाही. तीन डावांच्या सामन्यात जिंकलेला आधी एका मैदानावर बंदीही घालू शकतो. आणि ज्या मैदानावर आपण जिंकलो ते त्याच सामन्यात पुन्हा निवडायचं नाही, असाही नियम बहुतेक ठिकाणी आहे. इतक्या चाळण्यांतून जे हाती येतं त्याला सवलत म्हणायचं? तो हक्क आहे, आणि तो दोघांनाही सारखाच आहे.

दुसरी तक्रार कंटाळ्याची. जिग्लीपफ हवेत तरंगत राहते, सामना लांबतो. ही तक्रार मी समजू शकतो. पण तिचा इलाज नियमावलीत शोधावा. वेळेची मर्यादा आहेच, कठड्याला वारंवार लटकण्यावरही काही स्पर्धांनी मर्यादा घातली. हे बरोबरच झालं. खेळाडूचा अपमान हा मात्र इलाज नव्हे. जिग्लीपफ घेऊन २०१६ साली एव्हो जिंकणाऱ्या हंग्रीबॉक्सच्या दिशेने २०१९ मध्ये पाउंड स्पर्धेतल्या विजयानंतर प्रेक्षकांतून खेकडा फेकला गेला. त्याने कुठला नियम मोडला होता? एकही नाही. ज्यांना खेळून हरवता येत नाही त्यांना हिणवायचं, रडीचा डाव तो हाच.

आता दोन शब्द हलकं पात्र खेळणाऱ्यांना. ‘हलकं पात्र, मोठं मैदान’ हा पाढा डोळे मिटून म्हणू नका. ड्रीम लँडमध्ये तुम्हाला जगायला जागा मिळते, तशी फॉक्सला पळायला आणि लांबून लेझर मारत बसायलाही मिळते. बाजूची सीमा दूर गेली की तुमचाही फटका समोरच्याला उशिरा बाद करतो. योशीज स्टोरीवर तुम्ही लवकर मरता, पण जमिनीवरून पाच उड्या हवेत मारू शकणारी जिग्लीपफ तिथल्या जवळच्या कडेबाहेर समोरच्यालाही लवकर संपवते. तेव्हा समोर कोण आहे, तो तुम्हाला वरून मारतो की बाजूने, हे बघून मैदान ठरवा. ज्याने हा हिशेब केला त्याने आपला हक्क कमावला. ज्याने केला नाही त्याला सर्वांत मोठं मैदानही वाचवणार नाही.

आणि ओरडणाऱ्यांनो, ड्रीम लँडची एवढी धास्ती असेल तर नाव खोडायची पाळी तुमचीही येते. तेव्हा ते खोडा. ती पाळी दुसऱ्याच मैदानावर खर्च केलीत, तर तो तुमचा हिशेब चुकला. त्याचं बिल जिग्लीपफच्या नावावर फाडू नका.